बँकॉक-पट्टायाची टूर, डेंग्यूची साथ आणि रात्रीचं फिरणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं सांगली जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. टार्गेट पूर्ण केल्यामुळे कंपनीने आम्हा चाळीस डीलरांची बँकॉक-पट्टाया टूर काढली आहे, पाच रात्रींची. तिकडे डेंग्यूची साथ आहे आणि मंकीपॉक्सच्याही बातम्या येतात. रात्री सगळेच बाहेर पडणार, मी एकटा हॉटेलवर बसू का? जाण्याआधी एखादं इंजेक्शन घ्यावं का? घरी तीन वर्षांची मुलगी आहे, परत आल्यावर तिला माझ्यामुळे काही होईल का?"

मी मिरजेत फिजिशियन आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तापाचे पेशंट बघतो आहे आणि गेली दहा-बारा वर्षं अशा टूरवरून परतलेली मंडळीही नेमाने येतात. खत, बियाणं, सिमेंट, टाइल्स, पंप अशा धंद्यातली ही कष्टाने उभी राहिलेली माणसं असतात. बऱ्याच जणांचा तो पहिला परदेश प्रवास असतो. म्हणून आधीच सांगतो: जा. घाबरून टूर रद्द करावी असं यात काही नाही. २०२४ मध्ये भारतातून २० लाखांहून जास्त लोक थायलंडला गेले आणि त्यातले बहुतेक धडधाकट परत आले.

ज्यांचं बिघडलं, त्यांच्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रात्री काय झालं, कुठे गेलो, ताप नेमका कधी आला, हे कोणी खरं सांगत नाही. डासापेक्षा या लपवण्यानेच माझे पेशंट जास्त अडचणीत आलेले मी पाहिले आहेत.

एक पेशंट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चाळिशीचे गृहस्थ, बियाण्यांचे डीलर. शेजारी वडील आणि पत्नी बसलेल्या. "ताप कधीपासून?" विचारलं, तर म्हणाले, "परवापासून." मी हिशोब धरला तिसऱ्या दिवसाचा. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत चांगली लागते, ती केली. निगेटिव्ह आली. प्लेटलेट थोड्या कमी होत्या, पण ताप उतरणीला लागला होता. पाणी पीत राहा आणि उद्या पुन्हा रक्त तपासा, असं सांगून मी घरी पाठवलं. रात्री साडेअकराला ते परत आले तेव्हा हात बर्फासारखे गार होते. रक्तदाब ८० वर ५०. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली लाल टिपक्यांची रांग उमटली होती. पोट दुखत होतं आणि त्यांना एका जागी बसवत नव्हतं. रक्त इतकं घट्ट झालं होतं की हिमॅटोक्रिट ५४ वर गेलं होतं. त्यांना आयसीयूत घेतलं आणि तीन दिवसांनी ते सावरले.

शुद्धीत नीट आल्यावर वडील खोलीबाहेर गेलेले पाहून ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, अंग तर पट्टायातच मोडून आलं होतं. शेवटच्या रात्री जास्त झाली होती, वाटलं त्याचंच आहे. बाबांसमोर कसं सांगणार?" म्हणजे माझ्यासमोर ते आले तेव्हा तापाचा सहावा दिवस होता. सहाव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह येणं साहजिक होतं, त्या वेळी आयजीएम ही उशिराच्या दिवसांत लागणारी रक्ततपासणी बघायला हवी होती. आणि उतरणारा ताप ही बरं होण्याची नव्हे, धोक्याची वेळ होती. तारखेच्या त्या तीन दिवसांच्या फरकाने त्यांचा जीव जाता जाता राहिला. तेव्हापासून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवल्याशिवाय अशा पेशंटचा इतिहास घेत नाही. हे मी त्याच वेळी करायला हवं होतं.

आता डेंग्यूचं नीट समजून घ्या, कारण तुमच्या टूरमध्ये सर्वात जास्त शक्यता त्याचीच आहे. थायलंडमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर हा पावसाळा आणि डेंग्यू तेव्हाच जोर धरतो. २०२३ मध्ये तिथे दीड लाखाहून जास्त रुग्णांची नोंद झाली होती. डास तोच, आपल्याकडचा, पायावर पांढरे पट्टे असलेला एडिस. तो दिवसा चावतो हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे रात्री लोक निर्धास्त होतात. पण संध्याकाळची वेळ ही त्याची खास चावण्याची वेळ आहे आणि दिव्यांचा उजेड असेल तर तो रात्रीही चावतो. पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटला किंवा आजूबाजूच्या सोयांमध्ये, म्हणजे गल्ल्यांमध्ये, बरेच बार पुढून उघडे असतात. वर दिव्यांचा लखलखाट, टेबलाखाली मात्र अंधार आणि ओलावा. तुम्ही हाफ पँट आणि चप्पल घालून दोन तास बसणार. डास घोट्याला चावतो आणि गाण्याच्या दणदणाटात, पोटात बिअर असताना ते कळतही नाही. बिअर प्यायलेल्या माणसाकडे डास जास्त ओढले जातात, असं बुर्किना फासोमध्ये झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. तो मलेरियाचा डास होता आणि प्रयोग छोटा होता. पण न प्यायलेला माणूस निदान डास हाकलतो तरी.

त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडताना पूर्ण पँट, मोजे आणि बूट. मान, कोपर आणि घोट्याला डास पळवणारं क्रीम, त्यात डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन आहे का ते लेबलवर बघून घ्या. दिवसा कोरल आयलंडला जाल तेव्हा आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर हे क्रीम. घाम आला किंवा पाण्यात उतरलात की पुन्हा लावा. हॉटेलची खोली एसी असेल तर झोपेत फारसा धोका नाही.

इंजेक्शनचं विचारलंत. डेंग्यूची जी लस काही देशांत मिळते तिचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, तेव्हा पुढच्या महिन्यात निघणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही. मलेरियाच्या गोळ्या बँकॉक-पट्टायासाठी लागत नाहीत. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू आणि धनुर्वात यांपैकी काय राहिलं आहे ते तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. निघण्याआधी दोन-तीन आठवडे तरी हाताशी ठेवा, आदल्या दिवशी घेतलेली लस प्रवासात कामी येत नाही. आणि मंदिराबाहेरच्या माकडांना खाऊ घालू नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजचं इंजेक्शन तिथेच सुरू करायचं, गावी येईपर्यंत थांबायचं नाही.

तुमच्या बॅगेत मात्र मी काही गोष्टी स्वतः बघून ठेवल्या असत्या. पॅरासिटामॉल ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन किंवा 'अंगदुखीची' म्हणून मेडिकलवाले देतात ती मिश्र गोळी काढून टाका. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी डॉक्टरांनी अॅस्पिरिन लावलेलं असेल तर ते मनाने बंद करू नका, ताप आल्यावर त्यांना विचारा. पॅरासिटामॉल सहा तासांच्या अंतराने, दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. रोज पिणाऱ्याने त्याहूनही कमी घ्यावं, कारण लिव्हरवर आधीच भार असतो. ओआरएसची आठ-दहा पाकिटं असू द्या. एक साधा थर्मामीटरही ठेवा. "अंग गरम वाटतंय" आणि "काल रात्री नऊला १०२ होता" यांत डॉक्टरसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताप आला की फोनमध्ये तारीख आणि वेळ लिहून ठेवा. माझ्या त्या पेशंटकडे ही एक नोंद असती तर मी त्यांना त्या दिवशी घरी पाठवलंच नसतं.

सकाळी डोकं जड, मळमळ आणि अंगदुखी असली की आपल्याकडे एकच शब्द तयार असतो, हँगओव्हर. त्या शब्दामागे तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. खरंच दारू उतरत असेल तर दुपारपर्यंत माणूस सावरतो आणि ताप नसतो. ताप असेल तर ते दारूचं नाही, विषय संपला. आणि डोळ्यांपुढे धुकं आलं, सगळं पांढरं किंवा अंधुक दिसू लागलं, श्वास जोरात चालू लागला, तर ते मिथेनॉल असू शकतं. तेव्हा एक मिनिटही घालवायचा नाही.

मिथेनॉलबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये थायलंडच्या शेजारी, लाओसमधल्या वांग व्हिएंग या गावात भेसळीच्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले, त्यात ऐन विशीच्या आतबाहेरच्या मुली होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँकॉकमध्ये यादोंग नावाची जडीबुटी घातलेली स्वस्त दारू पिऊन अनेक स्थानिक लोक दगावले. आपल्याला हे नवं नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. मिथेनॉलची चव वेगळी लागत नाही, सुरुवातीला नेहमीसारखीच चढते. त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होतो, म्हणजे तोवर तुमची बस दुसऱ्या शहराच्या वाटेवर असते. ३० मिलीसुद्धा जिवावर बेतू शकतं, डोळे त्याहून कमीत जाऊ शकतात. उपाय आहे: विशिष्ट औषध आणि डायलिसिस. पण तो वेळेत मिळाला तरच. म्हणून फुकटचे शॉट, बादलीत मिसळून देतात ती 'बकेट' आणि सुट्टी दारू यांना हात लावू नका. प्यायचीच असेल तर तुमच्यासमोर उघडलेली बिअरची बाटली किंवा कॅन घ्या. ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परतून तो ग्लास पिऊ नका. साथीच्या दिवसांत तर एका बादलीत चार स्ट्रॉ घालून पिणं म्हणजे सर्दी, फ्लू, कोविड सगळं वाटून घेणं.

कोविडच्या काळात रात्रीच्या जागांनी जगाला बरंच शिकवलं, ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं. मे २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली आणि त्या साखळीत अडीचशेच्या आसपास रुग्ण झाले. क्लबच्या रजिस्टरमध्ये अनेकांनी खोटी नावं आणि खोटे नंबर लिहिले होते. त्यांतले काही क्लब समलिंगी लोकांचे म्हणून ओळखले जात होते, घरी आणि नोकरीवर कळेल या भीतीने माणसं पुढे येईनात. शेजारच्या इंचॉनमधल्या एका तरुण शिकवणी शिक्षकाने तपास करणाऱ्यांना आपण बेरोजगार असल्याचं सांगितलं. त्यामुळे त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला उशीर झाला, त्यांना लागण झाली, त्यांच्यापासून पुढच्यांना. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण साथ आटोक्यात आली ती शिक्षेने नव्हे. सोल महापालिकेने नाव न विचारता, फक्त फोन नंबरवर तपासणी सुरू केली आणि लोक रांगा लावून येऊ लागले.

थायलंडमध्येच जुलै २०२२ ला फुकेतमध्ये देशातला पहिला मंकीपॉक्सचा रुग्ण सापडला. २७ वर्षांचा परदेशी प्रवासी, नाइट क्लबांत जाऊन आलेला. निदान झाल्याचं कळल्यावर तो उपचाराला न थांबता फोन बंद करून निघून गेला आणि शेवटी सीमेपलीकडे कंबोडियात, नोम पेन्हला सापडला. परक्या देशात माणूस किती घाबरत असेल, हे मी समजू शकतो. म्हणूनच हे आधी ठरवून जा: अंगावर पुरळ आलं, ताप आला, तर लपणार नाही, टूर मॅनेजरला सांगणार. ११५५ हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे आणि १६६९ वैद्यकीय मदतीचा. दोन्ही फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

मंकीपॉक्स, ज्याला आता एमपॉक्स म्हणतात, तो गर्दीत नुसतं उभं राहून सहसा होत नाही. पुरळ असलेल्या माणसाच्या अंगाला अंग लागणं, संबंध येणं, त्याचं अंथरूण किंवा टॉवेल वापरणं यातून तो होतो. लागण झाल्यापासून तीन ते एकवीस दिवसांत ताप, गाठी आणि पुरळ येतं. हल्ली ते पुष्कळदा आधी जांघेत किंवा लिंगावर, गुदद्वाराशी येतं आणि पेशंट नेमकं तेवढंच दाखवत नाही. "ऊन लागलं, घामोळं आहे" म्हणून मलम लावत बसतात. तुमच्या टूरमध्ये साठीच्या आसपासचे कोणी असतील आणि त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण असेल, तर त्यांना काही अंशी संरक्षण आहे, कारण देवी आणि हा आजार एकाच कुळातले. तुम्हा-आम्हा नंतर जन्मलेल्यांना ते नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ज्यासाठी लोक बंद दाराआड माझ्याकडे येतात, ते लिहितो. पट्टायाला शरीरसंबंधाचा बाजार आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी उपदेश करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण गेलात तर कंडोमशिवाय नाही, कितीही प्यायला असाल तरी नाही. थायलंडने हे स्वतः करून दाखवलं आहे. १९८९ मध्ये रातचबुरी प्रांतात डॉ. विवत रोचनपिथयाकोर्न यांनी एक नियम आणला: वेश्यावस्तीत प्रत्येक वेळी कंडोम, नाहीतर ग्राहकाला नकार. १९९१ पासून तो देशभर लागू झाला. त्या वर्षी एचआयव्हीच्या नव्या लागणींचा अंदाज १ लाख ४३ हजार होता, २००३ मध्ये तो १९ हजारांवर आला. त्यांनी बायकांना हाकललं नाही आणि बाजार नाही असं ढोंगही केलं नाही. आहे ते उघड मान्य करून काम केलं, म्हणून लाखो जीव वाचले.

कंडोम फाटलं किंवा वापरलंच नाही, तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. जितकी लवकर तितकी चांगली. बँकॉकला रातचदमरी रस्त्यावर थाई रेड क्रॉसचं अॅनॉनिमस क्लिनिक आहे, १९९१ पासून चालू, नाव न सांगता तपासणी होते. इथे परत आलात तर सिव्हिल हॉस्पिटलला जा किंवा ओळखीच्या फिजिशियनला भेटा. विमानात विचार करत बसण्यातच हे ७२ तास संपतात, असं मी दोनदा पाहिलं आहे. आणि तपासण्या पूर्ण होईपर्यंत पत्नीशी संबंध कंडोमशिवाय नको. तिने काही केलेलं नाही, तिच्या शरीराशी हा जुगार खेळू नका.

इन्शुरन्सची पॉलिसी कंपनी काढून देते, पण ती वाचा. दारू प्यायलेल्या अवस्थेत झालेली इजा अनेक पॉलिसींत बसत नाही. भाड्याच्या स्कूटरवर परवाना आणि हेल्मेट नसताना पडलात तरी तेच. तिकडच्या खासगी हॉस्पिटलमध्ये भरती करताना डिपॉझिट मागतात, तेव्हा दोघा-तिघांच्या कार्डांवर मिळून पैसे निघतील असं बघून ठेवा. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, नेऊही नका. रात्री एकटं फिरू नका. चाळीस जण आहात, तर तिघा-तिघांचे गट करा आणि प्रत्येक गटात एक जण न पिणारा ठेवा. पंढरीच्या वाटेवर दिंडीतलं माणूस दिसलं नाही तर सगळी दिंडी थांबते, तसंच.

परत आल्यावरचा काळ जास्त महत्त्वाचा आहे. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, कधी चौदा. पाच रात्रींची टूर, म्हणजे बहुतेकांना ताप येईल तो सांगलीत, दुकानात बसलेले असताना. तो अंगावर काढू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, "थायलंडहून अमुक तारखेला आलो." ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, पोटात जोराने दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, गुंगी किंवा विचित्र अस्वस्थता वाटली तर थेट भरती व्हा. आपल्याकडे सगळं घर 'पेशी किती' यावरच डोळे लावून बसतं, पपईच्या पानांचा रस आणि किवी सुरू होतात. रस प्या न प्या, पण पेशींच्या आकड्याइतकंच रक्त घट्ट होतंय का आणि लघवी होतेय का याकडे बघायचं असतं. बहुतेकांना प्लेटलेट चढवाव्याच लागत नाहीत, वेळेवर आणि मोजून दिलेलं पाणी लागतं. पूर्वी एकदा डेंग्यू झालेला असेल तर जास्त जपा. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण अनेकदा पहिल्यापेक्षा कडक जाते.

आता तुमची मुलगी. डेंग्यू स्पर्शाने, पापीने, एका ताटात जेवल्याने होत नाही. पण तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत तुम्हाला चावलेला घरातला डास पुढे आठ-दहा दिवसांनी तिला आजार देऊ शकतो. म्हणून ताप आला तर तुम्ही मच्छरदाणीत झोपायचं, दिवसासुद्धा. निघण्याआधी घरातली पिंपं, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासून ठेवा. एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. सर्दी-खोकला घेऊन आलात तर चार-पाच दिवस मास्क लावा. अंगावर कुठेही पुरळ किंवा फोड दिसला तर डॉक्टरांनी बघेपर्यंत तिला उचलू नका, तुमचा टॉवेल आणि अंथरूण वेगळं ठेवा. यांतलं काहीच नसेल तर दारातून आत आल्यावर हातपाय धुवा आणि तिला खुशाल कडेवर घ्या.